काळ्याचं काय करायचं

दिवाळीत सुप्याला वारा असतो. पावसाळ्यातला, कानात घोंघावणारा नव्हे. ज्वारीची पेरणी उरकलेल्या माळावरून संध्याकाळी उतरणारा, कोरडा, किंचित टोचणारा. फटाक्यांचे फोटो काढणाऱ्याला याच्याइतका मोठा मदतनीस नाही. शहरात लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिल्या अर्ध्या तासातच धुराचं असं छत बसतं की त्यानंतर वर काय फुटलं ते फक्त कानाला कळतं. आमच्याकडे एक बाण फुटतो, त्याचा धूर वारा पलीकडे लोटून देतो, आणि पुढचा बाण निघेपर्यंत आभाळ पुन्हा रिकामं.

भावाच्या घराच्या गच्चीवरून हे आभाळ चहूबाजूंनी दिसतं. एका अंगाला एमआयडीसीचे दिवे, रात्रभर न मिटणारे. एका अंगाला पुणे-नगर महामार्ग, त्यावरून सणवार न पाहता चाललेले कंटेनर. लांब माळावर पवनचक्क्या, दिवसा पांढऱ्या आणि रात्री नुसत्या असल्याची जाणीव देणाऱ्या. मधे गाव, आणि गावातला अंधार. दुष्काळी पारनेर तालुक्यातला हा अंधार लहानपणी आम्हाला कंटाळवाणा वाटायचा. कॅमेरा हातात आल्यावर त्याची किंमत कळली. काळं नसेल तर बाणाने उमटायचं कशावर?

फटाक्याचा फोटो काढायची रीत तशी सोपी. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, आयएसओ १००, छिद्र एफ ११ च्या आसपास, शटर बल्बवर. बल्बवर म्हणजे बोट दाबून धराल तोवर शटर उघडं. बाणाची शेपटी वर सरकताना दिसली की दाबायचं, शेवटची ठिणगी विझली की सोडायचं. कधी तीन सेकंद, कधी सात-आठ. पडद्यावर जे येतं ते पाहून मुलं ओरडतात, कारण ते कुणीच पाहिलेलं नसतं. डोळ्याने पाहिलेले असतात धावते ठिपके. कॅमेरा दाखवतो त्या धावण्याच्या सगळ्या वाटा, एकाच वेळी, आरंभापासून अंतापर्यंत. शटर उघडं असतानाच फोकसची रिंग हळूच फिरवली तर याच वाटा बुडाशी जाड आणि टोकाला केसाएवढ्या बारीक होतात आणि आगीला पाकळ्या फुटतात. हे सगळं कॉम्प्युटर उघडायच्या आधीच घडलेलं असतं. म्हणून ‘फोटो आहे तसा ठेवावा, एडिटिंग म्हणजे फसवणूक’ असं म्हणणारे लोक भेटले की मला त्यांना विचारावंसं वाटतं, आहे तसा म्हणजे कसा? कुणाच्या डोळ्याला होता तसा?

फोटोंशी खरा खेळ सुरू होतो तो घर झोपल्यावर. उंबऱ्याबाहेरच्या पणत्या वाऱ्याने केव्हाच विझलेल्या असतात, अंगणात जळक्या कागदाचा आणि गंधकाचा वास रेंगाळत असतो, आईचा खोकला आतल्या खोलीत अधूनमधून हजेरी लावतो. (फटाके मी स्वतः उडवत नाही, ते या खोकल्यापायी. दुसऱ्यांनी उडवलेले टिपते. यातला दुटप्पीपणा वहिनीने एकदा बोलून दाखवला होता. मी विषय बदलला.) मी लॅपटॉप मांडीवर घेते आणि भाची शेजारी फोन घेऊन बसते. माझी शिकवणी फोटोशॉपची, सगळं थर लावून, क्रमाने. तिचं सगळं अंगठ्याने. स्नॅपसीड नावाचं जे अ‍ॅप ती वापरते ते २०११ साली आलं, पुढच्याच वर्षी गूगलने ते करणारी कंपनी विकत घेतली, आणि तेव्हापासून गावोगावच्या अंगठ्यांना ते फुकट मिळालं. मी एक थर नीट करेपर्यंत तिचे चार एडिट मारून झालेले असतात.

परिणाम बरेच आहेत आणि त्यातले पुष्कळसे लवकर शिळे होतात. आरशाचा परिणाम घ्या. अर्धा बाण घेऊन दुसऱ्या अर्ध्यावर उलटा बसवायचा, मग त्याचेही चार भाग, मग आठ. शोभादर्शक तयार. मुलांना तो फार आवडतो. मला दुसऱ्या फोटोनंतर जांभई येते. फुटलेला बाण आधीच बऱ्यापैकी गोल असतो. तो जिथे गोल राहिलेला नसतो, एका बाजूच्या ठिणग्या वाऱ्याने ओढून खाली वाकवलेल्या असतात, तिथेच तो सुप्याचा असतो. आरसा नेमकी ती वाकलेली बाजू पुसतो. झूम ब्लरचंही तसंच. जे स्वतःहूनच मधून बाहेर फेकलं जात होतं त्याला आणखी बाहेर फेकायचं, यात काय मिळवलं?

त्यापेक्षा वर्तुळ उलगडणारा परिणाम मला मोह घालतो. ध्रुवीय मांडणीतून सरळ मांडणीत चित्र नेलं की बाणाचं केंद्र ताणून एक आडवी रेघ होते आणि प्रत्येक ठिणगी त्या रेघेवर उभी राहते. सगळ्या एका वेळी निघालेल्या, पण उंची प्रत्येकीची निराळी. कोणती आधी दमली, कोणती वाऱ्यावर स्वार होऊन जास्त पोचली, ते ओळीने वाचता येतं. गोलात हे लक्षात येत नाही, गोल माणसाला भुलवतो.

आणि उलट-रंग. सगळ्यात साधा, एका कळीचा परिणाम, आणि माझा सर्वांत लाडका. काळं पांढरं होतं, पिवळ्या ठिणग्या निळ्या होतात, हिरव्या राणी रंगाच्या, लाल निळसर हिरव्या. रात्र जाऊन कागद येतो, आग जाऊन शाई. पहिल्यांदा तो लावला तेव्हा भाची म्हणाली, “आत्या, ही तर ज्वारीची मुळं.” खरंच होती. ताट उपटून माती झटकल्यावर हातात येतात तशी, मधून फुटून सगळीकडे बारीक होत गेलेली, शेवटी दिसेनाशी. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे काळ्यात ज्याचा मागमूस नव्हता तो धूर पांढऱ्यावर राखाडी डागांसारखा उमटला. आधीच्या बाणाचा धूर, जो गेला असं मी समजले होते, तो तिथेच होता, नव्या बाणाच्या जरा डावीकडे.

आगीकडे नुसती आग म्हणून पाहायला माणूस कधी तयार नव्हता. प. कृ. गोडे यांनी भारतातल्या शोभेच्या दारूचा इतिहास लिहिला, त्यात पेशव्यांच्या बखरीतली एक हकीकत दिली आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगतात: तिथला राजा नगराबाहेर दारूची लंका उभी करतो, त्यात रावण, राक्षस, वानर आणि मोठा मारुती, मारुतीच्या शेपटीला आग लागते आणि तो उडत उडत लंकेतली घरं पेटवत सुटतो. तरुण पेशव्याला मोह आवरला नाही. तशीच लंका पुण्यात करायची आज्ञा झाली, आणि ती त्याने पर्वतीवरून पाहिली. रात्र मुद्दाम अमावस्येची निवडलेली. या तपशिलावर मी नेहमी थबकते. दारू तयार होती, कारागीर तयार होते, मारुती तयार होता. तरी पूर्ण काळोखाची वाट पाहिली गेली.

तीच लंका १९१७ साली दादासाहेब फाळक्यांनी पुन्हा पेटवली, या वेळी फिल्मवर. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले, आणि मारुतीने आकाशात झेप घेतली ती छायाचित्रणाच्या युक्त्यांवर. त्या काळच्या युक्तिबाज छायाचित्रकारांचं मोठं हत्यार काळी मखमल होतं. माणूस काळ्यापुढे उभा करून चित्रित करायचा. फिल्मवर जिथे काळं आलं तिथे उजेड पडलेलाच नसतो, म्हणून फिल्म मागे गुंडाळून त्याच जागी दुसरं काही चित्रित करता येतं. काळं म्हणजे मोकळी जागा. उजेडाने अजून न वापरलेली.

हेच वाक्य मला सुप्यातल्या एका फ्लेक्सवाल्याने वेगळ्या भाषेत ऐकवलं. रस्त्याच्या कडेला त्याचा गाळा. आत एक मोठं छपाईचं यंत्र, एक कॉम्प्युटर, आणि शाईचा डोक्यात जाणारा वास. कॉम्प्युटरवर त्याचे फोल्डर नीट लावलेले: सिंह, ढग, गुलाबपाकळ्या, किल्ले, मशाली, फटाके. भाच्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला गेले होते तेव्हा माझ्या फोनवरचे फोटो त्याच्या नजरेला पडले.

“ताई, हे काळ्यावरचे बाण द्या की मला. स्क्रीन मारला की काळं आपोआप जातंय. कटिंग करायचं काम नाही.”

बरोबर होतं त्याचं. स्क्रीन या मिसळण्याच्या पद्धतीत खालच्या चित्रावर वरच्या चित्राचा फक्त उजेड चढतो. शुद्ध काळ्याचा हिशेब शून्य. खालचं जसंच्या तसं राहतं. मी चारदोन बाण दिले. आठवड्याभरात चौकातल्या भावी सरपंचाच्या मागे माझा बाण फुटलेला दिसला. गॉगल, फेटा, जोडलेले हात, पायाशी शुभेच्छुकांच्या डोक्यांची रांग, आणि खांद्याच्या वर आमच्या गच्चीवरून टिपलेली ती ठिणग्यांची छत्री, दिवसाच्या निळ्या आकाशात. दिवसाउजेडी फुटलेला बाण! हसले, पण राग आला नाही. फोटो असा कामाला लागलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. प्रदर्शनातल्या भिंतीपेक्षा त्याला चौकात जास्त डोळे लाभले.

मग रंगांची मागणी सुरू झाली. एखाद्याला भगवा हवा, एखाद्याला हिरवा मुळीच नको. एप्रिल जवळ आला तसा तो म्हणाला, “ताई, निळा आहे का? जयंतीचा फ्लेक्स आहे.”

निळा नव्हता. असणार कुठून? फटाक्यात लाल येतो स्ट्रॉन्शियममुळे, पिवळा सोडियममुळे, पांढरा लखलखाट अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचा. हिरवा बेरियमचा; २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी केली. निळा तांब्याचा, आणि तो सगळ्यांत अवघड. तांब्याच्या ज्या संयुगातून तो निघतो ते फार तापलं की मोडतं. ज्योत थोडी थंड ठेवावी तर उजेड मंदावतो. भडक, गडद निळा बाण करणं ही जगभरच्या कारागिरांची जुनी डोकेदुखी आहे. गावच्या दुकानातल्या पुड्यातून तो निघेल ही आशाच नको.

कॉम्प्युटरवर मात्र निळ्यासारखं सोपं काही नाही. रंगचक्र ३६० अंशांचं. सोनेरी बाण धरायचा आणि चक्र फिरवत न्यायचं. हिरवा जातो, मोरपंखी जातो, आणि एका ठिकाणी तो असा गर्द निळा होतो की आपलाच श्वास जरा थांबतो. मी तो थोडा आणखी खोल केला, मधला भाग पांढऱ्याकडे झुकवला, कारण खरी आग मधोमध फिकी असते. १४ एप्रिलला तो फ्लेक्सवर बाबासाहेबांच्या मागे होता. रसायनाने जो रंग देताना हात आखडता घेतला तो तिथे कमानभर पसरला होता, आणि त्याखाली मुलं उभी राहून सेल्फी काढत होती. खोटा होता का? असेल. मला तर तो त्या दिवसापुरता माझ्या सगळ्या बाणांत खरा वाटला. एडिटिंगविरुद्ध बोलणाऱ्यांपुढे मी आता हाच फोटो धरते.

इथवर मी परिणामांच्या बाजूची. पण एका परिणामाने मला अडवलं. थर लावण्याचा.

एका रात्रीचे सगळे फोटो एकावर एक ठेवायचे आणि लायटन ही पद्धत निवडायची. प्रत्येक ठिकाणी जे सर्वांत उजळ तेच टिकतं, बाकीचं गळतं. काळं तर पहिल्यालाच गळतं. नऊ वाजता फुटलेला आणि साडेदहाला फुटलेला बाण शेजारी शेजारी येतात, भुईनळे एका रांगेत उभे राहतात, आणि बघता बघता सुप्याच्या डोक्यावर दुबईच्या नववर्षाची आतषबाजी होते. फोटो अप्रतिम. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर नगरपासून ह्यूस्टनपर्यंतच्या नातेवाइकांनी अंगठे दाखवले. आणि मला तो बघवेना.

गावातली आतषबाजी सुटी असते. एक बाण जातो, मग बराच वेळ काही नाही. त्या वेळात कुणी बाण उभा करायला बाटली शोधतं, कुणाची उदबत्ती विझते, दोन भावांत फुलबाज्यांच्या वाटणीवरून जुंपते, महामार्गावर एखादा कंटेनर लांबलचक हॉर्न देऊन जातो. “लाव की रे!” “वात ओली हाय.” मग पुन्हा सगळ्यांच्या माना वर. दिवाळीचा बहुतेक वेळ हा असा, वर बघत थांबण्यात गेलेला असतो. थर लावताना मी तो नेमका कापून टाकला होता. उरलं होतं ते श्रीमंत होतं, पण त्यात कुणाची वातच ओली नव्हती.

त्या रात्री मी उलटा हट्ट धरला. आगीला हात लावायचा नाही. फक्त काळ्यावर काम करायचं. एकाच बाणाचा एक फोटो घेतला आणि सावल्या उचलणारी पट्टी, शॅडोजची, हळूहळू उजवीकडे नेली.

आधी आली रवाळ खडबड, लाल-हिरव्या ठिपक्यांची, जिला घाण समजून आम्ही नेहमी पुसतो. मग त्या खडबडीतून कडुनिंबाचा शेंडा आला. पाण्याची टाकी. डिशची थाळी. विजेच्या खांबावरून गेलेल्या, गच्चीवरून कधी लक्षातही न येणाऱ्या तारा, फोटोभर आडव्या. अंगणात ट्रॉलीखाली शिरलेलं कुत्रं, त्याचे दोन डोळे. वाकलेला भाऊ, हातात उदबत्तीचं लाल टोक. शेजारच्या गच्चीवर काकू, दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून, आणि तरीही वर बघत. त्यांच्या चेहऱ्यावर बाणाचा लाल रंग. आणि अगदी मागे, माळावर, एक पवनचक्की. शटर काही सेकंद उघडं होतं म्हणून तिची पाती वेगवेगळी न दिसता फिकट चकतीसारखी पसरलेली.

हे सगळं पहिल्यापासून त्या फोटोत होतं. ठिणग्या पोचल्या नव्हत्या तिथवर उजेड पोचला होता, थोडाथोडका, पण मोजून सगळ्यांना. आणि मी तो वर्षानुवर्षं शून्य समजत आले होते, कारण प्रत्येक परिणाम मला हेच शिकवत होता की काळ्याचा हिशेब शून्य.

व्हिसलर हा चित्रकार मला तेव्हा आठवला. लंडनच्या थेम्सकाठच्या क्रेमोर्न बागेतली आतषबाजी त्याने १८७० च्या दशकात रंगवली आणि चित्राला नाव देताना काळा आधी घेतला, सोनेरी नंतर. कॅनव्हासचा बहुतेक भाग नुसता अंधार, धूर आणि त्यात हरवलेली माणसं. आग म्हणावी तर खाली पडत आलेल्या थोड्या ठिणग्या. रस्किनसारख्या थोर समीक्षकाला ते चित्र लोकांच्या तोंडावर फेकलेल्या रंगासारखं वाटलं. व्हिसलर १८७८ मध्ये कोर्टात गेला, जिंकला, आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. पूर्वी मला ही गोष्ट गमतीची वाटायची. आता मला वाटतं की व्हिसलर थांबलेल्या वेळाचं चित्र काढत होता. बाण संपल्यावरच्या, पुढचा निघण्याआधीच्या.

हल्ली मी दोन्ही करते. भाचीच्या फोनवर आरसे फिरतात, मीही उलट-रंगाचे कागद काढते, त्यातला एक आईने कॅलेंडरशेजारी लावून घेतला आहे, मुळांचा म्हणून. पण स्वतःसाठी ठेवते ते सावल्या उचललेले फोटो, पूर्ण उजेडात न आणलेले. कडुनिंब ओळखू येईल इतके, काकूंचे तळवे दिसतील इतके. पट्टी थोडी जास्त सरकली तरी रात्र पहाटेसारखी दिसायला लागते, म्हणून डोळे बारीक करून पुन्हापुन्हा मागे न्यावी लागते. सगळ्या परिणामांत हाच सर्वांत नाजूक निघाला, आणि नेमकं कुठे थांबायचं याला कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाव नाही.

असा एक फोटो मी फ्लेक्सवाल्यालाही दिला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा हंगाम होता आणि त्याला मोठ्या फ्लेक्ससाठी पार्श्वभूमी हवी होती. अट एकच घातली: स्क्रीन मारायचा नाही, काळं घालवायचं नाही, आहे तो पूर्ण फोटो मागे ठेवायचा. काकू आणि कुत्रं तेवढं मी आधीच कापून काढलं. त्यांना राजकारणात कशाला ओढायचं. तो तयार झाला. रात्री छपाईच्या आधी त्याचा फोन.

“ताई, फोटो एक नंबर. गावच दिसतंय अख्खं. पण मागं तो पंखा हाय ना, पवनचक्कीचा, तो पुसू का?”

“राहू दे की. सुप्याची ओळख आहे ती.”

“तसं नाय ताई,” तो जरा घुटमळला. “पंखा समोरच्या पॅनेलचं चिन्ह हाय.”

मी पुसायला नकार दिला. त्यानेही शब्द पाळला, पुसला नाही. भावी उपसरपंचांचा फेटा तेवढा वीतभर मोठा केला.